चाळीस सारखी घुबडं

वर्गाबाहेरच्या फलकावर चाळीस घुबडं ओळीने टाचलेली असतात. सगळ्यांचे डोळे बाटलीच्या झाकणांचे, पंख दुमडलेल्या कागदी प्लेटचे, चोची नारिंगी कार्डशीटच्या. कुणाचा डिंक ओघळलाय, कुणाची चोच तिरकी बसलीय, एवढाच काय तो फरक. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: सर्जनशील कला प्रकल्प. पहिली-दुसरीतल्या मुलांना कापणं-चिकटवणं जमावं म्हणून हे केलं असेल तर ठीकच आहे. पण सहावी ते आठवीच्या मुलांकडून करून घेतलं असेल, तर या सगळ्या पसाऱ्यात कलाकृती एकच, ती म्हणजे शिक्षकांनी आदल्या संध्याकाळी केलेला नमुना. आकार केवढा, रंग कोणता, डोळे कुठे, थांबायचं कधी, हे सगळं तेव्हाच ठरून गेलं. मुलांच्या वाट्याला उरली ती हमाली.

अकरा ते चौदा हे वय चित्रकलेसाठी तसं अडचणीचं. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रांचे टप्पे मांडले. त्यांत साधारण नऊ ते बारा या वयात वास्तवासारखं काढण्याची ओढ लागते आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत मूल स्वतःच्या चित्राकडे टीकाकाराच्या नजरेने पाहायला लागतं. वयाच्या या सीमा मुलागणिक मागेपुढे होतात, पण मूळ गोष्ट कोणत्याही वर्गात दिसते: डोळा हाताच्या पुढे निघून जातो. घोड्याचा मागचा पाय चुकलाय हे कळतं, पण तो बरोबर कसा काढायचा हे हाताला माहीत नसतं. ‘मला चित्र येत नाही’ असं पाच वर्षांचं मूल सहसा म्हणत नाही; बारा वर्षांचं सर्रास म्हणतं. मग दोन पळवाटा उरतात. एक, छापून काढणं. दुसरी, सोडून देणं. तयार नमुन्याचे प्रकल्प पहिल्या पळवाटेला राजमान्यता देतात.

माझं म्हणणं सरळ आहे. या वयात तंत्र काटेकोर शिकवावं आणि निर्णय मोकळे सोडावेत. बहुतेक ठिकाणी नेमकं उलटं चालतं. विषय ठरवून दिलेला, मांडणी ठरवून दिलेली, पण रोलरवर शाई किती घ्यायची, तार का तुटते, कागद का सुरकुततो, हे कुणी सांगत नाही. ‘मनाला येईल तसं करा’ म्हणून साहित्य वाटून टाकलं तरी तोच घोळ. तंत्र न येणाऱ्या मुलाला स्वातंत्र्य देणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला अख्खी नदी देणं. प्रकल्प निवडताना एक कसोटी लावून पाहावी: मुलाला स्वतः ठरवाव्या लागतील अशा किमान तीन गोष्टी यात आहेत का? नसतील तर तो हस्तकलेचा सराव समजावा. त्यातही गैर काही नाही, फक्त त्याला सर्जनशील म्हणू नये.

सुरुवात करायची तर ‘हुबेहूब’ या भुतापासून. त्यावर जुना आणि बिनखर्चाचा उतारा म्हणजे कागदाकडे न बघता काढलेलं रेषाचित्र. कागद बाकाला दोन कोपऱ्यांत चिकटपट्टीने पक्का करायचा, नाहीतर तो सरकतो आणि मूल खाली बघतं. पेन वापरायचं, पेन्सिल नाही; पेन्सिल हातात असली की खोडरबर मागितला जातो. पुठ्ठ्याची साधारण १५ सेंटीमीटर व्यासाची चकती कापून मधल्या भोकातून पेन घालायचं, म्हणजे हाताखालचं काही दिसत नाही. आता दुसऱ्या हाताचा पंजा समोर धरायचा, मनगटापासून निघायचं आणि डोळा जेवढा सरकेल तेवढंच पेन सरकवायचं. वेळ पाच मिनिटं. इथे एकच गोष्ट हमखास बिघडते: निम्मी मुलं अर्ध्या मिनिटात पंजाची बाहेरची रेषा मारून मोकळी होतात. म्हणून चित्र पुरं करायला सांगू नये, वेळ पुरी करायला सांगावी. बोटांच्या पेरांवरच्या सुरकुत्या, नखाची कड, त्वचेची घडी, सगळीकडे पेन गेलं पाहिजे. येणारं चित्र वेडंवाकडंच असतं, आणि सगळ्यांचंच असतं, त्यामुळे कुणाचं बरोबर हा प्रश्नच मिटतो. नंतर दुसरं चित्र: पेन उचललेलं असतानाच खाली बघायचं, टेकवलं की नाही. या दुसऱ्या चित्रात रेषा एकदम जिवंत होते.

हीच रेषा पुढे तारेत नेता येते. अमेरिकी शिल्पकार अलेक्झांडर काल्डर यांनी १९२६ पासून पॅरिसमध्ये तारेची माणसं आणि चेहरे केले. हवेत काढलेली रेषाचित्रंच ती. वर्गासाठी १.५ मिलिमीटर जाडीची ॲल्युमिनियमची तार घ्यावी. ती हाताने वाकते आणि आकार धरून ठेवते. एका चेहऱ्याला दोन मीटर तार पुरते. लोखंडी तार स्वस्त पडते, पण बारीक असली तर आकार धरत नाही आणि जाड असली तर या वयाच्या बोटांना वाकत नाही. शेजारच्या मुलाच्या चेहऱ्याचं रेषाचित्र खाली ठेवून त्यावर तार वळवत न्यायची, शक्यतो एकाच अखंड तुकड्यात. जोड द्यावाच लागला तर एका तारेचे दुसरीभोवती तीन घट्ट वेढे घ्यायचे आणि टोक पकडीने दाबून टाकायचं. तार त्याच जागी मागेपुढे वाकवली की धातू तिथे कडक होत जातो आणि तिसऱ्या-चौथ्या वेळी तुटतो. ‘माझी तार खराब आहे’ ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. म्हणून आधी कागदावर ठरवा, मग एकदाच वाकवा. कापल्यावर प्रत्येक टोक नखाएवढं आत वळवून घ्यावं, आणि कापताना तुकडा उडतो म्हणून डोळ्यांवर चष्मा असावा.

एवढं करून चेहरा सपाटच राहतो. मग सांगायचं: नाक पुढे ओढा, कान मागे वळवा, हनुवटी थोडी बाहेर काढा. मूर्ती भिंतीपासून हातभर अंतरावर टांगून एक मीटरवरून टॉर्च मारला की भिंतीवर सावलीचं दुसरं चित्र उमटतं, आणि मूर्ती फिरवली की तेही बदलतं. कोणता कोन मूर्तीचा ‘खरा’ कोन, हे ज्याने केली त्याने ठरवायचं.

मोठ्या वर्गासाठी चौकटींचा चेहरा हा प्रकल्प उत्तम, आणि चाळीस संख्या इथे चक्क सोयीची पडते. एका चेहऱ्याचा कृष्णधवल फोटो १५ × २४ सेंटीमीटर आकारात छापायचा. प्रकाश एका बाजूने पडलेला, सावल्या गडद. त्यावर ३ सेंटीमीटरच्या चौकटी आखल्या की आडव्या पाच आणि उभ्या आठ, मिळून चाळीस होतात. प्रत्येकाला एक चौकट. ती १५ सेंटीमीटरच्या कागदावर पाचपट मोठी करायची. सगळं जुळवल्यावर चित्र होतं ७५ × १२० सेंटीमीटरचं. फोटो कुणाचा ते आधी सांगायचं नाही. हातात आलेल्या तुकड्यात नाक की कान हे ओळखू येत नसल्यामुळे मूल ‘नाक’ काढत नाही, समोर दिसतो तो राखाडी आकार काढतं. सगळी गंमत इथेच आहे.

कापण्याआधी प्रत्येक तुकड्यामागे ओळ, स्तंभ आणि वरच्या दिशेचा बाण लिहायचा. बाण विसरला की जुळवणीच्या दिवशी अर्धा तास डोकं धरून बसावं लागतं. छोट्या चौकटीचे १ सेंटीमीटरने नऊ भाग करायचे, मोठ्या कागदाचे ५ सेंटीमीटरने. आता बिघडतं ते दोन जागी. एक, शेजारच्या चौकटींच्या कडा जुळत नाहीत. रेषा एकीकडे वर निघते, दुसरीकडे खाली. म्हणून रंगवण्याआधी शेजाऱ्यांनी कागद कडेला कड लावून, रेषा जिथे कड ओलांडते तिथे दोघांच्या कागदावर खूण करून घ्यायची. दुसरं बिघडतं छटांचं. कुणाचा गडद भाग खरंच काळा, कुणाचा फिकट राखाडी. यावर उपाय म्हणजे पाच छटांची एक सामाईक पट्टी: कोरा कागद, मग एचबी, २बी, ४बी, ६बी या चढत्या गडद पेन्सिली. फोटोच्या तुकड्यावरच १ ते ५ आकडे घालून घ्यायचे आणि मग रंगवायचं. मुलांचा हात जात्याच हलका असतो. ‘पाच म्हणजे पाचच, साडेतीन नाही’ हे फिरून फिरून सांगावं लागतं.

यात मुलाने ठरवायचं काय? खूण. छटा ठरलेली, पण ती कशाने भरायची हे ज्याचं त्याने पाहावं: उभ्या रेघा, ठिपके, वर्तमानपत्राचे कपटे, अंगठ्याचे ठसे, एकच शब्द हजारदा लिहून. चक क्लोज हे अमेरिकी चित्रकार फोटोवर चौकटी आखूनच प्रचंड चेहरे रंगवत, आणि १९८५ मध्ये त्यांनी एक मोठा चेहरा बोटांच्या ठशांनी केला. त्यांना माणसांचे चेहरे लक्षात ठेवता येत नसत. प्रोसोपॅग्नोसिया नावाचा दोष होता. हे सांगितल्यावर वर्गात जी शांतता पसरते ती कामाची असते. ‘मला येत नाही’चा आवाज त्यानंतर बराच खाली येतो.

आता लिनोकट: लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. एकच प्रकल्प निवडायला लागला तर मी हाच निवडेन. व्हिएन्नात कलाशिक्षक फ्रान्झ चिझेक यांनी १८९७ मध्ये मुलांचा कलावर्ग सुरू केला. लिनोलियमवर कोरणं मुलांच्या हाती देण्यात या वर्गाचा मोठा वाटा आहे. या वयाला ते चपखल बसतं, कारण हत्यार खरं असतं, धोका खरा असतो आणि सुबक चित्र येणाऱ्यांना यात फारसा फायदा नसतो. सफाईदार पेन्सिलकाम कोरताना मरतंच. उरतो तो काळा-पांढऱ्याचा निर्णय.

हत्याराला हात लावण्याआधी एक तास फोमच्या पातळ पत्र्यावर बॉलपेनने दाबून ठसा करावा. दाबलेलं छापत नाही, उरलेलं छापतं, हे डोक्यात शिरायला एक ठसा पुरतो. आणि नाव उलटं उमटलं की आरशाचा नियमही वेगळा शिकवावा लागत नाही. मग १० × १५ सेंटीमीटरचा लिनोचा तुकडा. नेहमीचा लिनो ३.२ मिलिमीटर जाड असतो. थंड असला की तो चिवट होतो, म्हणून काही मिनिटं उन्हात ठेवावा किंवा कागद घालून कोमट इस्त्री फिरवावी. पृष्ठभागावर पातळ रंगाचा एक हात दिला की कोरलेला भाग लगेच वेगळा दिसतो. चित्र ट्रेसिंग पेपरवर मऊ पेन्सिलीने काढायचं, कागद पालथा घालून मागून घासायचं. चित्र लिनोवर उलटं उतरतं आणि छापताना पुन्हा सुलटं होतं.

कोरणीबद्दल एकच नियम, पण तो मोडला की त्या दिवसाचं काम बंद: दुसरा हात कायम पात्याच्या मागे. ठोकळा हलू नये म्हणून एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली पट्टी मारलेला लाकडी फळा बाकाच्या कडेला अडकवायचा आणि लिनो त्या वरच्या पट्टीला टेकवून कोरायचं. वळण घ्यायचं तर कोरणी वळवायची नाही, लिनो फिरवायचा. बोथट पात्याने जोर लावावा लागतो आणि जोर लावला की हात निसटतो. जखमा धारदार पात्यापेक्षा बोथट पात्याने जास्त होतात. व्ही आकाराच्या कोरणीने रेषा, यू आकाराच्या कोरणीने मोकळे भाग. खोली १ ते दीड मिलिमीटर पुरे. खालचं तागाचं अस्तर दिसायला लागलं तर फार खोल गेलात.

छापणं हे अर्धं कान देऊन करायचं काम आहे. काचेवर किंवा ॲक्रिलिकच्या पत्र्यावर पाण्यात धुतली जाणारी छपाईची शाई अर्धा चमचा घ्यायची आणि रोलर उभा-आडवा फिरवत राहायचा. जाड थर असेल तर आवाज लपलप येतो. योग्य झाला की बारीक चुरचुर ऐकू येते आणि शाईचा पोत मखमली दिसतो. ठशावर दोन-तीन पातळ हात द्यायचे, एक जाड नाही. कागद गुळगुळीत आणि पातळ, ८० ते १२० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा). जाड ड्रॉइंग पेपरला यंत्राचा दाब लागतो. चमच्याने त्यावर नीट उमटत नाही. कागद ठेवून चमच्याच्या पाठीने छोट्या वर्तुळांत दोन मिनिटं घोटायचं, मग एक हात कागदावर दाबून धरून दुसऱ्याने कोपरा उचलून पाहायचं. पहिल्या दोन-तीन प्रती फिकट येतातच, नवा लिनो शाई पितो.

प्रत वाचायला शिकवली की मूल स्वतःच वैद्य होतं. काळ्या भागात पांढरे ठिपके म्हणजे शाई किंवा दाब कमी. बारीक रेषा बुजल्या म्हणजे शाई जास्त. कडा दुहेरी म्हणजे कागद हलला. मोकळ्या भागात काळे ओरखडे म्हणजे तिथे कोरणं उथळ राहिलं. पण ते काढायचेच असं नाही, अनेकदा चित्राची जान तेच असतात. ठेवायचे की काढायचे, हे मुलाने सांगावं, कारणासकट. शाईऐवजी पोस्टर रंग वापरण्याचा मोह टाळावा. तो पातळ असतो, रेषांत उतरतो आणि रोलरवर पाहता पाहता वाळतो.

आठवीला दोन रंगांचा घटत्या ठशाचा प्रकार झेपतो. पाब्लो पिकासो यांनी १९५९ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समध्ये या पद्धतीने बरेच लिनोकट केले. जे पांढरं राहायला हवं ते कोरायचं, सगळ्या प्रती फिकट रंगात छापायच्या. मग त्याच ठशातून, जे फिकट राहायला हवं ते कोरायचं आणि त्यावर गडद रंग छापायचा. परतीचा रस्ता नाही, पहिला ठसा संपलेला असतो. म्हणून पाच प्रती हव्या असतील तर आठ छापून सुरुवात करावी. दोन-तीन जुळणीत वाया जाणारच. जुळणीसाठी पुठ्ठ्याच्या काटकोनी पट्ट्या चिकटवून ठसा आणि कागद दोन्ही दर वेळी त्याच कोपऱ्याला टेकवायचे. दोन रंगांमध्ये किमान एक दिवस जाऊ द्यायचा. ओल्यावर छापलं तर ठसाच खालचा रंग उचलून नेतो.

सायनोटाइपबद्दल, म्हणजे रसायन लावलेल्या कागदावर उन्हाने उमटणाऱ्या चित्राबद्दल, मात्र मन थोडं दुभंगलेलं आहे. इंग्रज शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये ही निळी छपाई शोधली, दुसऱ्याच वर्षी वनस्पतींच्या अभ्यासक ॲना ॲटकिन्स यांनी समुद्री शेवाळाच्या छायाप्रती या पद्धतीने काढून प्रसिद्ध करायला सुरुवात केली. विज्ञान आणि चित्रकला एका कागदावर भेटतात, म्हणून शाळांना ती फार आवडते. अडचण अशी की पान ठेवा, ऊन दाखवा, धुवा, निकाल सुंदरच येतो. पुन्हा चाळीस घुबडं, फक्त निळी.

आधी कृती. शंभर मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम फेरिक अमोनियम सायट्रेट, दुसऱ्या शंभर मिलिलिटरमध्ये १० ग्रॅम पोटॅशियम फेरिसायनाइड. दोन्ही द्रावणं वेगळ्या गडद बाटल्यांत. वापरायच्या दिवशी सारख्या प्रमाणात एकत्र करायची. ए५ कागदाला साधारण १ मिलिलिटर लागतं, ब्रश पितो तो धरून चाळीस कागदांना ६० मिलिलिटर करावं. हे सगळं शिक्षकांनी हातमोजे आणि चष्मा घालून, मंद पिवळ्या दिव्यात, मुलं नसताना करायचं. मुलांच्या हाती सुकलेला कागदच यावा. फेरिसायनाइडमधलं सायनाइड लोहाला घट्ट बांधलेलं असतं, पण तीव्र आम्ल किंवा जास्त उष्णता मिळाली तर विषारी वायू सुटू शकतो. त्यामुळे त्या खोलीत आम्ल असलेलं सफाईचं द्रव नको, आणि उरलेलं द्रावण तापवायचं नाही.

कागद अंधारात पूर्ण सुकला पाहिजे. ओलसर राहिला तर पांढरा भाग धुरकट निळा येतो. उन्हाचा वेळ अंदाजाने सांगू नये. एका पट्टीवर पुठ्ठा सरकवत २, ४, ८ आणि १६ मिनिटांचे चार टप्पे पाडावेत, धुऊन पाहावेत आणि त्या दिवसाचा वेळ मुलांनीच ठरवावा. पिवळसर हिरवा कागद निळा होत होत पुढे करडा दिसायला लागतो, तोवर ऊन द्यायचं. घाबरून लवकर उचलला तर निम्मा रंग पाण्यात जातो. धुणं पाच ते दहा मिनिटं, पांढऱ्या भागातला पिवळेपणा पूर्ण जाईपर्यंत. शेवटच्या पाण्यात औषधी दुकानातलं ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड थोडंसं टाकलं की निळा क्षणात गडद होतो. एरवी तो हवेवर एका दिवसात आपोआप होतो. कडा अस्पष्ट आल्या तर वस्तू कागदाला टेकलेली नव्हती. वर काच ठेवून चिमटे लावावेत.

आता घुबडांपासून सुटका. पारदर्शक प्लॅस्टिकवर काळ्या मार्करने स्वतःचं चित्र काढायला लावावं. काळं तिथे पांढरं उमटतं, म्हणजे पुन्हा उलटा विचार करावा लागतो. किंवा उन्हाचा वेळ दोन भागांत तोडावा: निम्म्या वेळानंतर एक वस्तू उचलायची, दुसरी सरकवायची. मग एकाच कागदावर पांढऱ्यासकट तीन छटा मिळतात आणि कोणती वस्तू ‘अर्धी’ असावी हे ठरवावं लागतं. एवढं केलं तर या प्रकल्पाला माझी हरकत नाही.

कागदाच्या लगद्याचे मुखवटे मी थोडक्यात उरकतो, कारण त्यांत बिघडतं ते बहुधा एकाच कारणाने: घाई. कागद फाडायचा, कापायचा नाही. फाटलेली कड पातळ असते आणि थरात मिसळून जाते. पट्ट्या २ ते ३ सेंटीमीटर रुंद. एक भाग मैदा, पाच भाग पाणी, गुठळी मोडत शिजवलेली खळ. एक थर वर्तमानपत्राचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, असं आलटून पालटून लावलं की थर सुटलेला कुठे ते दिसतं. चार-पाच थर हवेत, पण एका बैठकीत दोनच. मग एक दिवस वाळवायचं. सगळे एकदम लावले तर बाहेरून कडक, आतून ओले राहतात आणि आठवड्यात बुरशी धरतात. साचा म्हणून फुगा घेतला तर रात्रीच्या गारव्यात तो आक्रसतो आणि ओला मुखवटा आत बसतो. पुठ्ठा आणि चुरगाळलेल्या कागदाचा साचा बरा, आणि त्यात प्रत्येकाचा चेहरा मुळातच वेगळा निघतो.

राहिलं हलतं चित्र. जॉन बार्न्स लिनेट यांनी १८६८ मध्ये फ्लिपबुकचं, म्हणजे पानं भराभर सोडली की चित्र हलताना दिसतं त्या वहीचं, पेटंट घेतलं, आणि स्टॉप मोशनकडे, म्हणजे वस्तू थोडी थोडी सरकवत काढलेल्या फोटोंच्या फिल्मकडे, जाण्याआधी प्रत्येक मुलाने एक फ्लिपबुक करावंच. सात बाय दहा सेंटीमीटरची ४० पानं, एका बाजूला घट्ट क्लिप. सुरुवात शेवटच्या पानापासून करायची: त्यावर दुसरं पान पाडलं की खालचं चित्र पुसट दिसतं आणि किती सरकवायचं ते कळतं. कागद फार जाड असेल तर खालचं दिसत नाही, फार पातळ असेल तर अंगठ्याखालून पानं नीट सुटत नाहीत.

मग चौघांचा गट आणि एक फोन. सेकंदाला १२ फोटो धरले तर आठ सेकंदांच्या फिल्मला ९६ फोटो लागतात. यापेक्षा लांब गोष्ट पहिल्या वेळी घेऊ नये. वस्तू दर फोटोला ५ मिलिमीटर सरकली तर पडद्यावर ती सेकंदाला ६ सेंटीमीटर चालते, हे गणित मुलांनीच करावं. कायम पाचच ठेवलं की चाल यंत्रासारखी होते. सुरुवातीला १, २, ३ मिलिमीटर, मग ५, थांबताना पुन्हा कमी. एकाने सरकवायचं, एकाने फोटो घ्यायचा, एकाने मोजायचं, आणि चौथ्याने फक्त पाहायचं की चौकटीत कुणाचा हात किंवा सावली नाही ना. तीस फोटोंनंतर कामं बदलायची, नाहीतर फोनवाला फोन सोडत नाही. फिल्म लुकलुकते ती खिडकीमुळे. ढग येतो-जातो, फोन दर वेळी उजेड नव्याने जुळवतो. पडदे ओढून दोन दिवे लावावेत आणि फोकस, उजेड, रंगछटा तिन्ही कुलूपबंद करावीत. फोन पुठ्ठ्याच्या खोक्याला पक्का बांधून बटण इअरफोनच्या वायरवरून दाबावं. बोटाच्या धक्क्याने चौकट हलली तर मागचे साठ फोटो वाया जातात.

या सगळ्याला लागणारा वेळ हा बहुतेकांना अडथळा वाटतो. चाळीस मिनिटांच्या तासात पाच मिनिटं मांडायला आणि आठ मिनिटं आवरायला धरली तर हाती सत्तावीस उरतात. त्यात लिनोकट एका तासात होणार नाही, सहा तास लागतील: एक फोमचा, एक चित्राचा, दोन कोरण्याचे, एक छापण्याचा, एक दुरुस्त करून पुन्हा छापण्याचा. हा सहावा तास वेळापत्रकातून कधी कापू नये. पहिली प्रत पाहून ठशात बदल करण्याची संधी मिळाली नाही, तर आधीच्या पाच तासांत मूल फक्त सूचना पाळायला शिकलं. वर्षात आठ प्रकल्पांऐवजी तीन झाले तरी चालतील.

नमुना दाखवायचा की नाही? तंत्राचा दाखवावा, निकालाचा नाही. अर्धा कोरलेला ठसा, जास्त शाईने बुजलेली प्रत, तुटलेली तार, असं दाखवावं. पूर्ण झालेली कामं दाखवायचीच तर एकमेकांशी अजिबात न जुळणारी तीन, आणि काम सुरू होण्याआधी ती कपाटात गेली पाहिजेत. एकच छान नमुना फळ्याला लावून ठेवला की बेल व्हायच्या आत वर्गभर त्याचीच पिल्लं दिसायला लागतात.

गुणांचं म्हणाल तर ‘सुंदर दिसतं’ याला गुण देऊ नयेत, मग राहतं काय? चाचणी पट्ट्या आणि कच्च्या प्रती जपून ठेवल्या का. तंत्रातली ठरलेली गोष्ट जमली का, म्हणजे कडा स्वच्छ आहेत का, जोड टिकतोय का, छटा पाचच्या पाच दिसतात का. आणि काय ठरवलं, का ठरवलं, हे तीन-चार वाक्यांत लिहिता आलं का. या तिसऱ्यालाच सगळ्यांत जास्त गुण असावेत. ‘डोळा कोरलाच नाही कारण काळाच जास्त भीतीदायक वाटला’ असं एक वाक्य बारा वर्षांच्या मुलाने लिहिलं तर ठशातली बाकी कच्चेपणाची वजाबाकी मी करणार नाही.

फलकावर लावताना कच्ची प्रत आणि पक्की प्रत शेजारी शेजारी लावाव्यात, मधोमध ती वाक्यं मुलाच्याच अक्षरात. चित्राचा मध्य बघणाऱ्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर यावा, मोठ्यांच्या नाही. छापचित्राखाली डावीकडे प्रतीचा क्रमांक, तीन तिरकी रेघ आठ असा, उजवीकडे सही, दोन्ही पेन्सिलीनेच. निळ्या छायाप्रती खिडकीसमोर लावू नयेत. उन्हाने फिक्या पडतात. पडल्याच तर काही दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवाव्यात, रंग बऱ्यापैकी परत येतो.